उजवा कौल

१

टाकजाईला दिवसातून एकच प्रश्न विचारायचा, असा आमच्याकडे रिवाज आहे. तोही सकाळी, पूजा झाल्यावर, ऊन देवळाच्या उंबऱ्याला लागायच्या आत. दुसरा कोणी आला तर त्यानं उद्या यायचं. मामलेदार आला तरी उद्याच.

देऊळ भाज्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात आहे. शेजारी कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे, म्हणून देवी टाकजाई. आम्ही तिचे गुरव. सकाळचं काम ठरलेलं असतं. टाक्यातून पाणी काढायचं, देवीचा धातूचा मुखवटा शिळेवरून उतरवून पाटावर घ्यायचा, धुवायचा, पुसायचा, करडईच्या तेलाचा हात फिरवायचा आणि कुंकू लावून परत चढवायचा. मग कोणी विचारायला आलं असेल तर कौल लावायचा. कण्हेरीच्या दोन पाकळ्या टाक्याच्या पाण्यात भिजवून, अंगठ्यानं दाबून, देवीच्या दोन गालांवर एकेक चिकटवायची. विचारणाऱ्याचा प्रश्न गुरवानं मोठ्यानं म्हणायचा, पण विचारणाऱ्याच्याच शब्दांत. त्यातला एक शब्दही इकडचा तिकडे करायची गुरवाला मुभा नाही. देवीच्या उजव्या गालावरची पाकळी आधी पडली तर 'हो'. डाव्या गालावरची पडली तर 'नाही'. दोन्ही तशाच राहिल्या तर आईला आज बोलायचं नाही असं समजून घरी जायचं.

एवढ्या भांडवलावर आसपासच्या वाड्यांतली लग्नं ठरत आणि मोडत, विहिरी खणल्या जात, बैल विकले जात.

पूजा माझा थोरला भाऊ दत्तोबा करी. मी महिपती, धाकटा. लोणावळ्याच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो आणि सुट्टीत गावी जाऊन त्याला हात देत असे. मुंबईला चित्रकलेच्या परीक्षा देऊन आलेला माणूस मी. कुठली पाकळी आधी सुटणार हे मला पाण्याच्या थेंबावरून कळतं, असं मी मित्रांत हसत सांगे. थोडक्यात, अतिशहाणा.

ही गोष्ट सन १९३६ आणि ३७ मधली आहे. दहा वर्षं होत आली. लिहायला एवढा उशीर का झाला याचं उत्तर एका शब्दाचं आहे. मला शरम वाटते.

२

त्या वर्षी शाळेच्या प्रदर्शनाला मुंबईचे एक बॅरिस्टर पाहुणे म्हणून आले. तुंगार्लीच्या वाटेवर त्यांचा बंगला होता. माझ्या एका चित्रासमोर ते बराच वेळ थांबले आणि मला चहाला बोलावून गेले. लोणावळ्यात मला तोवर कोणी चहाला बोलावलं नव्हतं. गोड बोलणाऱ्यापुढे माणूस किती लवकर विरघळतो हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं, पण विरघळणाऱ्याला ते कळत नसतं.

त्यांच्या दिवाणखान्यात काचेची कपाटं होती आणि त्यांत जुन्या मूर्ती, दिवे, समया, देवांचे टाक. मीच फुशारकीनं आमच्या मुखवट्याची गोष्ट काढली. पुढच्या रविवारी ते घोड्यावरून देवळात आले, कोणी नसताना मुखवटा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, असं काम करणारा हात आता देशात उरला नाही. आणि इथं तो तेल-कुंकवात कुजतोय." मग मुंबईच्या प्रदर्शनाचं बोलणं निघालं. तिथल्या समितीवर ते होते. माझी चित्रं तिथं लागायला हरकत नव्हती. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं त्यांनी एका शब्दानं सुचवलं नाही. तो मीच लावला.

मी पैसे घेतले नाहीत. हे मी पुढं बरीच वर्षं स्वतःला अभिमानानं सांगत आलो, जसं काही त्यानं चोरी सोवळी होते.

श्रावणात दत्तोबा तापानं पडला आणि चार दिवस पूजा माझ्याकडे आली. त्यात मी मुखवट्याचा प्लॅस्टरचा साचा काढला. लोणावळ्याला रेल्वेच्या शेडात बद्रुद्दीन नावाचा ओतकाम करणारा कारागीर होता, माझ्या ओळखीचा. त्याला मी सांगितलं की जत्रेतल्या सोंगासाठी मुखवटा हवा आहे.

तो साचा उजेडात धरून पाहत राहिला. "सोंगाला लोक कागदाचा लगदा वापरतात, मास्तर. हे कुणाच्या घरातलं आहे?"

"आमच्याच," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच जास्त खोटं होतं.

त्यानं ओतून दिला. देताना स्वतःच दोष दाखवला. साचा ओतताना एका अंगाला कलला होता आणि उजव्या गालाला धातू जास्त गेला होता. गाल किंचित फुगीर आला होता, डोळ्याला न दिसण्याइतका. "परत ओतू?" त्यानं विचारलं. मला घाई होती. मी नको म्हणालो. घरी महिनाभर तेल आणि चुलीचा धूर देऊन मी त्या पितळेला आमच्या आईचं वय चढवलं.

दिवाळीत दत्तोबा पाडव्याच्या आदल्या दिवशी सासुरवाडीला वराळ्याला गेला आणि मी मुखवटे बदलले; खरा बॅरिस्टरांकडे पोचला. पाडव्याला तो सकाळीच परतला आणि पूजेला बसला. मी त्याच्या मागे उभा होतो. त्यानं आईचं तोंड धुतलं, पुसलं, तेल लावलं. मध्ये एकदा त्याचा हात थांबला. मग पुढं चालू लागला.

माझं काम इतकं उत्तम झालं होतं याचा मला त्या क्षणी आनंद झाला. हे लिहिताना हात जड होतो, पण झाला होता.

३

त्यानंतर आई 'नाही' म्हणेनाशी झाली.

पहिल्या आठवड्यात कोणाच्या लक्षात आलं नाही. मी दर शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं मळवलीला उतरून गावी जाई आणि रविवारी सकाळी कौलाला उभा राही. उजवा. पुढच्या रविवारी उजवा. मधल्या दिवसांचं मी दत्तोबाला सहज विचारल्यासारखं विचारी. तोही म्हणे, उजवा.

वाड्यांत आनंदीआनंद होता. अडलेली तीन लग्नं एका महिन्यात ठरली. धोंडाबाईचा वीस वर्षं रखडलेला बांधाचा तंटा आईच्या 'हो'नं मिटला. "आई औंदा लय खुशीत हाय," लोक म्हणत आणि नारळ फोडत.

मला कारण माहीत होतं. उजवा गाल फुगीर, म्हणून त्यावरची पाकळी आधी घसरते. यात गूढ काय? शाळेतल्या पोरालाही फळ्यावर काढून दाखवता येईल. उलट मला गंमत वाटे की सगळा डोंगर बद्रुद्दीनच्या कललेल्या साच्याला नवस बोलतोय. ही गंमत मला कोणाला सांगता येत नव्हती एवढंच.

मार्गशीर्षात बजरंग नावाच्या शेतकऱ्यानं विचारलं, "वडाखाली हीर खनू का?" उजवा. त्यानं दोन्ही भावांना घेऊन खणायला घेतली. तीस हात गेले आणि खाली कोरडा कातळ लागला. बजरंग आईला बोल लावायला तयार नव्हता. त्याचंच काही चुकलं असेल म्हणाला. मी स्वतःशी म्हणालो, विहीर काय, कोणाचीही कोरडी जाते.

त्या रविवारी पूजा आटोपल्यावर दत्तोबा पायरीवर पंचा पिळत बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "महिपा, आबा असताना दहा कौलांत सा-सात डावं पडायचं. मानूस विचारतोच लय येड्यावानी. आई न्हाई म्हनायची म्हनून गाव जाग्यावर व्हतं."

आबा म्हणजे आमचे वडील, दत्तोबाच्या आधीचे पुजारी. देवळात शिरून उगीच समईची वात सारली. आत गार होतं. मुखवटा भिंतीकडून उजेडाकडे पाहत होता आणि मला पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहवेना. मी केलेल्या वस्तूची मला लाज वाटतेय असं मी समजलो. खरं म्हणजे ते लाजेआधीचं काहीतरी होतं. वर्गात आपण फळ्याकडे तोंड करून उभे असताना मागं कोणीतरी उठून उभं राहिलंय हे जसं कळतं, तसं.

४

नाताळच्या सुट्टीत मी गावीच होतो. एकोणतीस डिसेंबरच्या सकाळी कस्तुराबाई आली.

कस्तुराबाई आणि तिचा नवरा गेणू आमच्या खालच्या वाडीतले. लग्नानंतर अकरा वर्षांनी त्यांना एक मुलगी झाली होती, शालू. तेव्हा ती सात वर्षांची होती. मी गावी गेलो की माझ्याकडे खडूचे तुकडे मागायला येई. तिला दोन दिवस ताप होता आणि घसा आतून सुजून पांढरा पडला होता. गेणूचं म्हणणं होतं की डोलीत घालून मळवली स्टेशनावर न्यावी आणि गाडीनं लोणावळ्याच्या दवाखान्यात. सासूचं म्हणणं होतं की थंडीत पोर वाटेतच जाईल, अंगारा लावून घरी शेकावी. दोघांच्या मध्ये कस्तुराबाई. ती देवळाच्या उंबऱ्याशी पदर पसरून बसली आणि म्हणाली, "आई, शालूला घरीच ठिऊ का?"

दत्तोबानं पाकळ्या भिजवल्या.

मी खांबाला टेकून उभा होतो. घटसर्पाचं इंजेक्शन असतं हे मला ठाऊक होतं. शाळेतल्या एका मुलाला ते दिलेलं मी पाहिलं होतं. उजवी पाकळी पडणार हेही मला ठाऊक होतं. मला मुखवट्याचं काही सांगायची गरज नव्हती. "कस्तुराबाई, असं विचार, दवाखान्यात नेऊ का," एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. उजवीच पाकळी पडली असती आणि पोर लोणावळ्याला गेली असती. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी ते दोनदा मनात म्हणूनही पाहिलं.

मग मला वाटलं, दत्तोबा विचारेल, तू का मध्ये बोललास. रिवाज आहे. विचारणाऱ्याचा शब्द बदलायचा नाही. मी, जो आईचं तोंड विकून बसलो होतो, त्याला त्या वेळी रिवाज आठवला.

दत्तोबानं प्रश्न म्हटला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. उजवी पाकळी सुटली, घसरली आणि पाटावर पडली.

कस्तुराबाईनं आईला डोकं टेकलं आणि सुटल्यासारखी उठली. निर्णय आपल्या हातातून गेला की माणसाला बरं वाटतं. जाताना ती माझ्याकडे बघून म्हणालीसुद्धा, "बरं झालं आईनं सांगितलं, मास्तर. माजा जीव दोनीकडं वढत व्हता."

शालू तिसऱ्या दिवशी गेली.

५

जानेवारीभर मला एकच विचार होता. खऱ्या मुखवट्यानं काय सांगितलं असतं? त्याचे गाल सारखे असतील तर कौल कसाही पडला असता. कदाचित उजवाच. उजवा पडला असता तर माझं काही चुकलं नाही. हे तपासून पाहता येण्यासारखं होतं. एका शनिवारी दुपारी रुमालात कण्हेरीच्या पाकळ्या बांधून मी बॅरिस्टरांच्या बंगल्यावर गेलो. माझी अक्कल त्या दिवसांत अशीच चालत होती.

बॅरिस्टर मुंबईला होते. बंगला हमीद आणि त्याची बायको हसिना सांभाळत. हमीद साठीचा, शांत माणूस. त्यानं मला दिवाणखान्यात नेलं. मुखवटा काचेच्या कपाटात लाकडी ठोकळ्यावर बसवलेला होता. मी रुमाल सोडला आणि पाकळ्या पाहून हमीद दोन पावलं मागं सरकला.

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"मास्तर, ही बाई तुम्हीच आणलीत, म्हणून तुम्हालाच विचारतो. हिच्या पुढ्यात सकाळी पाकळी पडलेली असते. रोज नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस. एकच पाकळी, आणि ओली."

"खिडकीतून येत असेल."

"कपाट बंद असतं. किल्ली माझ्या करगोट्याला आहे. आणि आपल्या आवारात कण्हेर नाही."

मी उंदरांचं नाव घेतलं, मग हसिनाचं घेतलं, तेव्हा त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मागं घेतलं. तो मला स्वयंपाकघरात घेऊन गेला. तिथं भिंतीवर कॅलेंडर होतं. साहेब आले की दाखवावं म्हणून त्यानं पाकळी सापडली त्या त्या तारखेला कोळशानं एक रेघ ओढली होती. पाकळी बाईच्या डाव्या अंगाला सापडली तर तारखेच्या डावीकडे, उजव्या अंगाला सापडली तर उजवीकडे. जुन्या वर्षाचं कॅलेंडर त्यानं त्याच खिळ्याला मागं ठेवलं होतं.

मी ते काढून घेतलं. धोंडाबाईच्या बांधाचा दिवस मला पक्का आठवत होता. डावीकडे. बजरंगाच्या विहिरीचा दिवस, डावीकडे. मध्ये काही उजवीकडेही होत्या. ज्या रविवारी मी आजारी म्हणून गेलो नव्हतो आणि गावात अमावस्येमुळं कौल नव्हता, तिथं रेघच नव्हती. मग मी डिसेंबरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. एकोणतीस. रेघ डावीकडे होती, बारीक आणि सरळ.

आई बोलत होती. फक्त ती इथं बोलत होती, बंद दिवाणखान्यात, जिथं ऐकायला कोणी नव्हतं.

माझ्यातला ड्रॉइंग मास्तर तरीही हटेना. त्यानं हमीदला सांगितलं की मी उद्या सकाळी येऊन डोळ्यांनी पाहीन.

रविवारी उजाडताच मी कपाटासमोर खुर्ची टाकून बसलो. कुलूप स्वतः ओढून पाहिलं. दिवाणखान्यात भिंतीवरच्या घड्याळाखेरीज आवाज नव्हता. बाहेर थंडी होती, काच माझ्या श्वासानं धूसर होत होती आणि मी ती बाहीनं पुसत होतो. घाट चढून आलेल्या गाडीची शिट्टी झाली. मी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

मुखवटा ओला झाला होता. नुकतंच तोंड धुतल्यावर जसं पाणी हनुवटीशी गोळा होतं, तसं झालं होतं. गालांवर दोन पाकळ्या होत्या. उजवी पाकळी कोणीतरी अंगठ्यानं दाबावी तशी किंचित दबली आणि सरळ झाली. मग डावी. त्यानंतर बराच वेळ काही झालं नाही. मला कळत होतं की आत्ता, या क्षणी, सात मैलांवर माझा भाऊ कोणाचा तरी प्रश्न मोठ्यानं म्हणतोय. मी कान देऊन ऐकलं. काही ऐकू आलं नाही, पण कोणीतरी उत्तर देण्यासाठी तोंड उघडावं तशी ती खोली थांबली होती.

डावी पाकळी सुटली. मागं ओली रेघ ठेवत खाली आली आणि लाकडावर पडली. त्याचा आवाज झाला. मी पुन्हा वर पाहिलं तर उजवी पाकळी गालावर नव्हती. खालीही नव्हती.

दाराशी हमीद उभा होता. त्यानं कपाट उघडलं आणि मुखवटा माझ्या हातात ठेवला. तो टाक्याच्या पाण्याइतका गार होता आणि त्याला आमच्या करडईच्या तेलाचा ताजा वास येत होता.

"घेऊन जा," हमीद म्हणाला. "हसिना या खोलीत झाडायला येत नाही. त्या जागी दुसरं काही आणून ठेवा. साहेबांना फरक कळायचा नाही."

६

मळवलीला उतरून मी चालत गावी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. दत्तोबा देवळाच्या पायरीवर बसला होता. अजून जेवायला गेला नव्हता.

"आज कोण आलं होतं?" मी विचारलं.

"कस्तुरा."

"काय विचारलं तिनं?"

त्यानं माझ्या हातातल्या पंच्याच्या गाठोड्याकडे पाहिलं. मग तिच्याच शब्दांत म्हणाला, कारण त्याला तशीच सवय होती. "आई, माज्या हातनं माजी लेक गेली का?"

"आणि कौल?"

"उजवा."

मी पायरीवर खाली बसलो. पंचा सोडून मुखवटा त्याच्यापुढं ठेवला. माझी अपेक्षा होती की तो दचकेल, रागावेल, निदान विचारेल. त्यानं दोन्ही हात पुढं केले, मुखवटा उचलला आणि त्याचा डावा अंगठा आपोआप मुखवट्याच्या कानामागं गेला.

"दिवाळीच्या पाडव्यापासनं ठावं हाय मला," तो म्हणाला. "त्वांड धुताना आंगठा हितं ठिवावा लागतो, न्हाईतर मुखवटा सटकतो. आबांचा, त्यांच्या आबांचा, समद्यांचा आंगठा लागून हितं खळगा पडलाय. तूबी खळगा केलास. पन तुज्या आंगठ्याच्या मापाचा."

साचा त्या जागी नीट निघाला नव्हता. तेवढा भाग मी कानसीनं घासून केला होता आणि बसतोय का हे माझाच अंगठा ठेवून पाहिलं होतं.

"मग तू बोलला का नाहीस, दादा?"

"काय बोलू? माजा भाऊ चोर हाय म्हनून दवंडी पिटू? गाव तुला मास्तर म्हनतं. आबांनी तेवढ्यासाठी तुला शिकवला." त्यानं मुखवटा मांडीवर घेतला. "मला वाटलं, तुज्या मनानं तू आनशील परत. मी वाट बघितली. वाट बघताना शालू गेली. आन आज कस्तुरानं इचारलं तवा उजवी पडनार हे ठावं आसून म्या पाकळ्या लावल्या. माजंबी त्वांड उघडलं न्हाई, महिपा. तू एकलाच न्हाईस."

त्याचा आवाज साधा होता. तो ओरडला असता तर मला सोसलं असतं.

आम्ही मुखवटा शिळेवर चढवला. खोटा मी पंच्यात बांधला. तो पुढं बॅरिस्टरांच्या कपाटात गेला आणि त्यांच्या पाहुण्यांनी त्याचं खूप कौतुक केलं असं ऐकतो. मुंबईच्या प्रदर्शनात माझी दोन चित्रं लागली. मी बघायला गेलो नाही.

"गावाला सांगायचं न्हाई," दत्तोबा म्हणाला. "आबांचं नाव जाईल. पन कस्तुराला तू सांगायचं. आजच. ती सकाळधरनं पान्याचा थेंब घेत न्हाई आसं गेनू सांगून गेला."

७

खालच्या वाडीत गेणू दाराबाहेर उभा होता. त्यानं मला आत जायला खुणावलं आणि स्वतः बाहेरच राहिला. कस्तुराबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. शेजारी पाण्याचा तांब्या भरलेला होता. ती रडत नव्हती. आईनं सांगितलं ते तिनं मान्य केलं होतं आणि आता त्याप्रमाणे वागत होती, एवढंच.

"या मास्तर," ती म्हणाली.

मी जमिनीवर बसलो आणि सांगितलं. साचा, बद्रुद्दीन, बॅरिस्टर, दिवाळी. काही लपवलं नाही. मुखवटा कोणी चोरला याचं तिला काही घेणंदेणं दिसलं नाही. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, पण पुढच्या वाक्याची वाट बघत. मग मी लोणावळ्याच्या कपाटाचं सांगितलं आणि आज सकाळी काय पाहिलं ते सांगितलं.

"म्हंजी खऱ्या आईनं आज न्हाई म्हनलं?"

"नाही म्हणाली. मी डोळ्यांनी पाहिलं. डावी पडली. तुझ्या हातून काही झालेलं नाही, कस्तुराबाई."

तिचा श्वास सुटला. खांदे खाली आले. पाच-सात वर्षं वय उतरल्यासारखा चेहरा झाला आणि मला वाटलं, झालं, एवढं तरी मी परत केलं.

मग तिनं विचारलं, "आन त्या दिशी?"

मला प्रश्न कळला होता, तरी मी म्हणालो, "कुठल्या?"

"शालूला घरी ठिऊ का म्हनून इचारलं व्हतं म्या. हितं उजवी पडली. तितं काय पडलं?"

बाहेर गेणू खोकला. कोळशाची ती बारीक सरळ रेघ माझ्या डोळ्यांसमोर होती. खरं सांगायचं तर आई म्हणाली होती, ठेवू नकोस, ने. नेली असती तर शालू आज अंगणात असती. दोन्ही कौल एकाच तोंडातून आलेले. आजचा दिला तर त्या दिवशीचाही द्यावा लागणार होता, आणि तो दिला तर आजच्याचा तिला काही उपयोग उरणार नव्हता. वाटेत चालताना हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"त्या दिवशी पाकळी पडलीच नाही," मी म्हणालो. "दोन्ही तशाच राहिल्या."

"आई बोललीच न्हाई?"

"नाही."

तिनं शेजारच्या तांब्याकडे पाहिलं. "मंग कुनालाच ठावं नव्हतं," ती म्हणाली. "आईलाबी न्हाई, मलाबी न्हाई."

हे मी तिच्यावर दया म्हणून केलं की स्वतःला वाचवण्यासाठी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बोलताना आवाज जराही कापला नाही, एवढं आठवतं. खोटा कौल करायला या वेळी मला साचा लागला नाही.

तिनं तांब्या उचलला आणि पाणी प्यायली, घोट घोट, सगळा तांब्या. गेणू दाराशी येऊन ते पाहत राहिला आणि त्यानं मला हात जोडले. मी उठलो. तीही भिंतीला धरून उठली आणि म्हणाली, "मास्तर, तुमी येवढं खरं सांगाया आला. दुसरा कोन आला आसता?"

तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागं घेतले नाहीत.